पॅरालिसिसनंतर कुठं न्यावं असं विचारणाऱ्यांसाठी: राजारामपुरीतलं फिजिओ सेंटर, आमचा अनुभव

पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा कुठं कापला ते खाली येईलच. घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, संधिवात आहे, पार्किन्सन आहे, ॲक्सिडेंट झालाय, आणि "पेशंट तसा बरा आहे पण आता घराबाहेरच पडत नाही" अशी परिस्थिती असेल तर हे पूर्ण वाचा. मशिनं लावून बसलेली सेंटरं कोल्हापुरात पाहिजे तेवढी मिळतील, पण माणूस आजारानंतर परत माणसांत गेला का नाही हे विचारणारं आणि त्याची मोजणी ठेवणारं मी तरी हे पहिलंच बघितलं.

आमचे आबा, अडुसष्ट वय, शिवाजी पेठेत आयुष्य गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, त्यामुळं उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही अडकायला लागलं, म्हणजे समोरच्याचं सगळं समजतंय, काय म्हणायचंय ते डोक्यात आहे पण शब्द येत नाही. हॉस्पिटलात वेळेत पोचलो, नंतर घरी येऊन व्यायाम घेणारे एक फिजिओ लावले, त्यांचंही काम चांगलंच होतं, पाय बऱ्यापैकी आला, काठी घेऊन आबा घरात हिंडायला लागले. मग एक दिवस त्यांनी बार्थेल इंडेक्सचा, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात त्याचे मार्क द्यायचा, कागद भरून आम्हाला सांगितलं की शंभरपैकी पंच्याण्णव, आता काळजीचं काही नाही. सगळे खूश. पाहुण्यांना फोन करून सांगितलं.

आणि आबा दिवसभर टीव्हीसमोर बसून. पहाटे उठून गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध घ्यायला जाणारा माणूस, येताना तालमीच्या कट्ट्यावर तासभर बसणारा, पेठेच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमला दुपारपासनं जाऊन जागा धरणारा माणूस. दार वाजलं तर उठून आतल्या खोलीत जायचा. पंच्याण्णव मार्कांत हे कुठं बसतंय ते आम्हाला कळत नव्हतं.

ह्या राजारामपुरीतल्या सेंटरवर आल्यावर इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बार्थेल खोटा नाही, तो वेगळंच मोजतो. १९६५ सालचा आहे, त्यात दहा गोष्टी बघतात, जेवण, अंघोळ, दाढी-वेणी, कपडे, संडास-लघवीवर ताबा, संडासला स्वतः जाणं, पलंगावरनं खुर्चीत बसणं, चालणं, जिने. ज्यांनी तो तयार केला त्यांनीच त्यावेळी लिहून ठेवलंय की शंभर मार्क पडले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, स्वयंपाक, घर सांभाळणं, लोकांत मिसळणं हे त्याला जमेलच असं नाही. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना हे सांगायलाच पाहिजे, कारण "मार्क चांगले पडले" म्हटलं की घरचे पेशंटवरच चिडायला लागतात, की तुम्हीच मनावर घेत नाही म्हणून.

तर इथं पहिल्या दिवशी मशिन नाही, पट्टा नाही, काही नाही. मॅडमनी आबांना एका खोलीत समोर बसवलं आणि आम्हाला, म्हणजे मला आणि आईला, बाहेर बसायला सांगितलं. आई जायला तयार नव्हती, "त्यांना बोलाय येत नाही, मी सांगतो की सगळं." मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं पण ऐकणार आहे, पण आधी आबांचं." हे मला फार आवडलं. आजारी माणसाला त्याच्याच आयुष्याबद्दल कुणी विचारत नाही, डॉक्टर सुद्धा शेजारी उभ्या असलेल्या पोराकडं बघूनच बोलतात.

प्रश्नांची यादी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, व्होडॅस २.० म्हणतात तिला. मोठी ३६ प्रश्नांची आणि छोटी १२ प्रश्नांची असते, इथं सुरुवातीला छोटी घेतात. गेल्या ३० दिवसांत तब्येतीमुळं अमुक गोष्ट करताना किती त्रास झाला असा प्रत्येक प्रश्न, आणि उत्तरं पाच, काहीच नाही, थोडा, मध्यम, खूप, आणि अतिशय किंवा जमतच नाही. ही पाच उत्तरं मोठ्या कार्डावर छापलेली, आबांना बोलायची गरजच नाही, बोट ठेवायचं. ३० दिवस म्हणजे नक्की कुठनं कुठं ते वयस्कर माणसाला कसं समजायचं, तर "त्र्यंबोलीची यात्रा झाली का न्हाई, तिथनं पुढचं सांगा" असं म्हणून त्यांनी धरून दिलं. एक किलोमीटर चालताना किती त्रास होतो असा प्रश्न आहे, तिथं "घरापासनं रंकाळ्याच्या पदपथापर्यंत समजा" असं. कागदावरची भाषा बाजूला ठेवून पेठेतल्या माणसाशी पेठेतलं बोलायचं, तेही प्रश्नाचा अर्थ न बदलता, हे सोपं काम नाही.

बारा प्रश्न काय आहेत ते थोडक्यात सांगतो, म्हणजे अंदाज येईल. अर्धा तास उभं राहणं, घरातल्या जबाबदाऱ्या, नवीन काही शिकणं, दहा मिनिटं एका गोष्टीत लक्ष लावणं, किलोमीटरभर चालणं, सगळं अंग धुणं, कपडे घालणं, रोजचं काम, हे झालं अंगानं आणि डोक्यानं करायचं. आणि मग अनोळखी माणसाशी वागणं-बोलणं, मैत्री टिकवणं, तब्येतीमुळं मनावर झालेला परिणाम, आणि सण, धार्मिक कार्यक्रम, गावातल्या गोष्टींत इतर कुणासारखाच भाग घेता येणं. शेवटी तीन प्रश्न दिवसांचे, ३० पैकी किती दिवस असा त्रास होता, किती दिवस काहीच करता आलं नाही, किती दिवस काम कमी करावं लागलं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण आबांना पाऊण तास लागला आणि मॅडमनी पाऊण तास दिला.

प्रत्येक उत्तराला ० ते ४ मार्क, ४८ पैकी जितके जास्त तितका त्रास जास्त. आबांचे २६ आले. आता खरी गंमत बेरजेत नाहीच, कुठल्या प्रश्नाला काय आलं त्यात आहे. अंघोळ, "थोडा". चालणं, "मध्यम". सण-समारंभ, "अतिशय". अनोळखी माणूस, "अतिशय". पाय बरा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले आणि माणूस जिथं अडकला होता तिकडं कुणी बघितलंच नव्हतं.

आणि कपडे घालणं, "काहीच नाही". आम्ही चकित. बार्थेलमध्ये जे पाच मार्क गेले होते ते ह्याच शर्टाच्या बटणांपायी, कारण बटणं आई लावते आणि तिथं मदत लागली की मार्क कमी. ह्या यादीत मात्र नेहमी जसं करता, नेहमीची काठी-चष्मा, नेहमीची मदत धरून, तसं करताना किती त्रास होतो असं विचारतात, मग बायको बटणं लावून देत असेल तर त्रास शून्य! दोन्ही बरोबर, पण दोन्ही अर्धवट. मॅडमनी कागदाच्या कडेला लिहून ठेवलं, "बटणं पत्नी लावतात," आणि आईला समजावलं की घाई नसेल त्या दिवशी पंधरा मिनिटं लागू देत, हात लावू नका. नुसते आकडे भरून फाईल बंद करणारा माणूस असता तर हे राहिलंच असतं.

आता सण-समारंभ "अतिशय" का? आम्हाला वाटलं पाय. मॅडमनी एक-एक करत विचारलं, चालायची भीती? नाही. गर्दी? थोडी. लोक बघतात म्हणून? मान हलवली, पण अर्धवट. मग बऱ्याच वेळानं आबांनी खाली हात करून दाखवलं. लघवी. झटक्यानंतर पुष्कळ लोकांना घाई होते, आली की थांबवता येत नाही, आणि कट्ट्यावर बसलं असताना तसं झालं तर काय, ह्या धास्तीनं आबा बाहेर पडत नव्हते, सकाळचं पाणी सुद्धा बंद केलं होतं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. बार्थेलमध्ये लघवीवर ताबा दहापैकी दहा, कारण घरात बसलेल्या माणसाचं कधी चुकलंच नाही! मला हे लिहिताना सुद्धा वाईट वाटतंय. इतके महिने आम्ही पायाला तेल चोळत बसलो होतो.

ह्यावर त्यांनी जे केलं ते कुठल्या मशिननं होणारं नव्हतं. डॉक्टरांकडं पाठवून तपासणी करून घेतली, दर दोन तासांनी घाई नसली तरी जाऊन यायचं असं घड्याळ लावून दिलं, पाणी परत सुरू केलं, आणि तालमीत संडास कुठं आहे, पायऱ्या किती, कडी आत डाव्या हातानं लागते का, हे बघून यायला मला पाठवलं. तालमीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीला धरायला दांडी बसवली. पेठेतली पोरं, त्यांना नुसतं सांगायची खोटी असते.

बोलण्याचंही तसंच. मैत्री टिकवणं ह्या प्रश्नाला आबांनी "थोडा" वर बोट ठेवलं होतं, मला वाटलं चला हे तरी बरं आहे. मॅडमनी तिथं दुसरी एक यादी काढली, पार्टिसिपेशन स्केल म्हणतात, १८ प्रश्नांची, मूळ कुष्ठरोगासारख्या ज्या आजारांत लोक माणसाला लांब ठेवतात त्यांच्यासाठी नेपाळ, भारत, ब्राझील इथं काम करून तयार झाली. तिच्यात स्वतःची तुलना आपल्यासारख्याच, आपल्या वयाच्या, आपल्या भागातल्या माणसाशी करायची असते. ते जितकं लोकांच्या घरी जातात तितकंच तुम्ही जाता का, गावच्या सणात त्यांच्याइतकाच भाग घेता का, असे प्रश्न. एक प्रश्न ऐकून तर अंगावर काटा आला, तुमची जेवायची भांडी घरातल्या इतरांच्या भांड्यांबरोबरच ठेवतात का. आणि वेगळं काही निघालं तर, हा तुमच्यासाठी किती मोठा प्रॉब्लेम आहे, असंही विचारतात, म्हणजे एखाद्याला जत्रेला जायचंच नसेल तर ते त्याच्या माथी मारत नाहीत.

"तुमच्या बरोबरीचे कट्ट्यावरचे आठवड्यातनं किती वेळा भेटतात एकमेकांना?" आबांनी बोटांनी सांगितलं, रोज. "आणि तुम्हाला?" कुणीच नाही. त्या "थोडा" च्या मागं हे होतं. मित्र येईनासे झाले होते असं नाही, सुरुवातीला रोज यायचे, पण आबा एक शब्द शोधत बसले की ते दोघं-तिघं वाक्य पुरं करून टाकायचे, चांगल्या मनानं, आणि आबा गप्प. मॅडमनी आबांना विचारून त्यांच्या दोन मित्रांना सेंटरवर बोलावलं आणि सांगितलं की थांबा, शब्द सुचवू नका, हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारा, एकावेळी एकानंच बोला. आमच्या पेठेत एकावेळी एकानं बोलायचं म्हणजे अवघडच, पण ते दोघं शिकले. मला वाटतं आबांच्या सगळ्या ट्रीटमेंटमध्ये ह्या एका तासाचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

व्यायामही असतोच, तो नाही असं समजू नका. हॉलमध्ये सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजतात, हाताची पकड मोजतात, पण त्यानंतर बाहेर काढतात. मॅडमचं एक वाक्य सारखं असतं, "हॉलमध्ये जमतंय ते रस्त्यावर करतात का?" २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीएफ म्हणून जी पद्धत मान्य केली तिच्यात ह्या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात म्हणे, माणूस काय करू शकतो, आणि आहे त्या परिस्थितीत प्रत्यक्षात काय करतो. त्या दोन्हींच्या मधे जे असतं ते बऱ्याचदा पेशंटच्या अंगात नसतंच, फुटपाथवर लावलेली गाडी असते, जिन्याला नसलेला कठडा असतो, घाईतला दुकानदार असतो. म्हणून आबांना शेजारच्या किराणा दुकानात काय पाहिजे ते चिठ्ठीवर दाखवून नारळ आणायला पाठवलं, मॅडम दहा पावलं मागं उभ्या. नारळ आणला. सुटे पैसे पण मोजून घेतले.

दसऱ्याला दसरा चौकात नेलं. चौकात गाडीतनं बघायचं का खाली उतरायचं ह्यावर घरात वाद झाला, आबांनी खुर्ची दाखवली, मग कडेला खुर्ची टाकून बसले, सोनं लुटायला पुढं गेले नाहीत पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात सोनं देत होते. त्यानंतर परत तीच बारा प्रश्नांची यादी घेतली तर २६ चे १७ झाले. सण-समारंभ "अतिशय" वरनं "मध्यम" वर आलं, कारण प्रश्न आहे इतर कुणासारखाच भाग घेता आला का, आणि आबांनी स्वतःच विचार करून मधल्या उत्तरावर बोट ठेवलं. अनोळखी माणसाशी बोलणं "अतिशय" वरनं "खूप" पर्यंतच आलंय. चालण्यात फारसा फरक नाही, आणि मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं, फुगवून सांगितलं नाही.

आता अर्धा स्टार कुठं कापला. आई. सगळी मोजणी आबांची, आणि ते बरोबरच आहे, पण ज्या दिवसापासनं आबा पडले त्या दिवसापासनं आईचं भजनी मंडळ बंद, शुक्रवारचं अंबाबाईला जाणं बंद, बहिणीकडं इचलकरंजीला एक रात्र राहणं सुद्धा बंद. मोठ्या ३६ प्रश्नांच्या यादीत तुमच्या तब्येतीमुळं घरच्यांना किती त्रास झाला असा एक प्रश्न आहे, पण त्याचंही उत्तर पेशंटच देणार. सांभाळणाऱ्या माणसावर किती भार पडलाय हे मोजायची झारिटची २२ प्रश्नांची वेगळी यादी असते, ती इथं घेत नाहीत. मी मॅडमना हे बोललो, त्यांनी ऐकून घेतलं, आणि आबांची सेशन्स सकाळी साडेदहाची करून दिली म्हणजे आईला त्या वेळेत मोकळं होता येईल, आता ती शुक्रवारी जाते. पण हे मी बोललो म्हणून झालं. पहिल्या दिवशीच मावशींना बाजूला घेऊन त्यांचं काय-काय बंद पडलंय हे विचारायला पाहिजे, आणि ते फाईलमध्ये आबांच्या कागदाला जोडून ठेवायला पाहिजे. तुम्ही गेलात तर तुम्हीही मागा.

दुसरं एक, घरी देतात त्या रिपोर्टवर नुसती बेरीज छापलेली असते. २६ म्हणजे काय ते पाहुण्यांना, दुसऱ्या डॉक्टरांना कसं कळायचं? दोन पेशंटचे २६ असतील आणि एकाचं सगळं चालण्यात अडलेलं, दुसऱ्याचं सगळं माणसांत. बाराही उत्तरांची प्रत मागून घ्या, मागितली तर लगेच देतात.

बरेच जण हा प्रश्न विचारतात म्हणून लिहितो. हा स्कोर दिव्यांग सर्टिफिकेटला चालत नाही, मॅडम आधीच सांगतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, सरकारी मेडिकल बोर्डाची तपासणी लागते आणि आबांसारख्या केसमध्ये टक्के मुख्यतः हातापायाच्या अशक्तपणावरनं काढतात, बऱ्याच सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या वाचली तर तिच्यात समाजात इतरांच्या बरोबरीनं पूर्ण सहभाग घेताना येणारा अडथळा हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायद्यानं जे मनात धरलं ते टक्क्यात उतरत नाही. मानसिक आजारासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात, आयडियाज, तिच्यात स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि काम ह्या चार गोष्टी तरी बघतात. हातापायाच्या केसमध्येही असं काही बघायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि संधिवाताच्या पेशंटना सांगतो, आमच्या चुलतीला पण इथंच आणली. तिला मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, हे विचारलं, भारतात बेतलेल्या संधिवाताच्या प्रश्नावलीत हे असतं. तिचं हळदीकुंकवाला जाणं बंद व्हायचं कारण तेच होतं, सगळ्या जणी खाली सतरंजीवर आणि ही एकटी खुर्चीवर, तिला लाज वाटायची. आता दोघी-तिघींनी खुर्च्या घ्यायला सुरुवात केलीय.

बाकी माहिती. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण लहान, व्हीलचेअर आत जाते आणि शेजारी एकच माणूस मावतो. संडास कमोडचा, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. पहिल्या दिवसाच्या असेसमेंटची फी ८००, नंतरच्या सेशनची ४००, आम्ही होतो तेव्हाचे रेट आहेत, जायच्या आधी विचारून घ्या. संध्याकाळी पाच ते आठ फार गर्दी असते आणि त्या वेळेत प्रश्न विचारायला निवांत कुणी मिळत नाही, पहिली भेट सकाळचीच घ्या. चारचाकी आणणार असाल तर पार्किंगचा त्रास आहे, पेशंटला दारात उतरवा आणि गाडी लांब लावा. औषधांची फाईल, जुने रिपोर्ट आणि रोजची काठी-चष्मा बरोबर ठेवा, आणि पेशंट आजारी पडायच्या आधी दिवसभर काय करायचा, कुणाकडं जायचा, कुठं बसायचा, हे घरच्यांनी आठवून कागदावर लिहून न्या, पहिल्या अर्ध्या तासात त्याचाच उपयोग होतो.